पहिल्या रांगेतलं ‘मंजूर’

नागपूरचा माणूस कोल्हापूरला निघाला की लोक त्याला तिथल्या तिखटाची भीती घालतात. मला त्याचं हसूच येतं. सावजीच्या रश्श्यावर पोसलेल्या माणसाला तिखटाचं काय कौतुक! तरी बायकोनं बॅगेत पोटाच्या गोळ्यांची पट्टी घातलीच. ती पट्टी मी तशीच परत आणली, हे आधीच सांगून टाकतो. धास्ती होती ती वेगळीच, आणि तिच्यावर गोळी मिळत नाही.

मी एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. कोल्हापूरच्या विद्यापीठात चर्चासत्र होतं, विषय होता ‘विकसनशील देशांतील लोकशाही आणि आर्थिक वाढ’. माझा निबंध अगदी सुरक्षित होता. लोकशाहीनं वाढीला हातभार लागतो, मात्र निर्णय रेंगाळतात, असं दोन्ही बाजूंना बरं वाटेल ते लिहून मी मोकळा झालो होतो. एरवी असल्या आमंत्रणाला मी तब्येतीचं कारण सांगतो. या वेळी गेलो तो माझ्या धाकट्या बहिणीसाठी. शीला लग्न होऊन कोल्हापूरजवळच्या एका गावात गेली त्याला बरीच वर्षं झाली. तिचा फोन आला होता, “दादा, येणार असशील तर आमच्या दूध संस्थेच्या सभेच्या आदी ये. नंतर येऊन काय उपयोग न्हाय.” शीला फोनवर कधी रडत नाही. पण त्या दिवशी ती फार हळू बोलत होती, आणि हळू बोलणं तिच्या स्वभावात नाही.

कोल्हापूर

चर्चासत्राबद्दल फार लिहीत नाही. प्रत्येकानं ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ घेतला आणि लोकशाहीत प्रश्न विचारण्याला फार महत्त्व आहे असं सांगितलं. शेवटी अध्यक्षांनी “काही प्रश्न?” म्हणून विचारलं, तेव्हा सगळे जेवणाच्या दाराकडे बघत होते. मीसुद्धा तिकडेच बघत होतो. जेवण झकास होतं.

संध्याकाळी मिलिंदराव, म्हणजे शीलाचा नवरा, मला न्यायला आले. ते शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत साच्यांच्या खात्यावर सुपरवायझर आहेत. कामावरून थेट आले होते, कपाळावर काळ्या वाळूची रेघ तशीच होती. म्हणाले, “दादा, घरला जायच्या आदी दूध पिऊया.” मला वाटलं डेअरीत नेतील. त्यांनी नेलं ते दूध कट्ट्यावर. भर शहरात, रस्त्याच्या कडेला म्हशी ओळीनं उभ्या. तुम्ही ग्लास पुढे करायचा, म्हशीचा मालक त्यात धार काढणार, आणि तुम्ही तिथंच उभ्यानं ते प्यायचं. आमच्याकडे दूध पिशवीतून येतं आणि उकळल्याशिवाय कोणी तोंडाला लावत नाही. मी ग्लास हातात धरून विचार करत उभा राहिलो.

“पावणं, बघताय काय? म्हस पळून जाणार न्हाय, फेस जाईल!” म्हशीवाला ओरडला.

प्यायलो. कोमट, गोडसर आणि दाट. इतकं चांगलं दूध मी आजवर प्यालो नव्हतो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. त्याच वेळी म्हशीनं शेपटी फिरवली आणि माझ्या काखेतली फाइल खालच्या चिखलात गेली. लोकशाही आणि आर्थिक वाढीवरचा माझा निबंध शेणकाल्यात पालथा पडला.

“महत्त्वाचं व्हतं काय वो?” म्हशीवाल्यानं विचारलं.

“वाचून झालाय,” मी म्हणालो.

“मग ऱ्हाऊ द्या की!”

मीही तो तिथंच राहू दिला.

शीलाचं घर

गाव गडमुडशिंगीच्या पलीकडे आहे. पुढे जे घडलं ते वाचून कुणी तिथं भांडायला उठू नये, म्हणून नाव सांगत नाही. रस्त्याला आता चांगलीच वर्दळ आहे. ऊस दोन्ही बाजूंना उभा, आणि मधूनमधून मोबाइलची दुकानं, चहाचे गाडे, सिमेंटचे अर्धवट इमले.

शीला दारातच उभी होती. “आलासा? मी कवाधरनं वाट बघतोय!” म्हणाली. इकडच्या बायका स्वतःबद्दल ‘मी येतो, मी जातो’ असं पुरुषासारखं बोलतात, हे मला ठाऊक होतं. पण लहानपणी ‘मले दे’ म्हणून माझ्या हातातला पेरू ओढणारी बहीण ‘वाट बघतोय’ म्हणाली की काळजात काहीतरी हलतंच. मीही नागपुरीत विचारलं, “काऊन गं, वाळलीस काऊन?” तेव्हा ती हसली, आणि हसता हसता पदरानं डोळे टिपले.

प्रकरण असं होतं. शीलानं बी.एस्सी. केलंय. सासरी आल्यावर दोन म्हशी घेतल्या, दूध संस्थेची सभासद झाली. तिच्या घरातली ती पहिली सभासद. नंतर गावातल्या आठ-दहा बायकांना घेऊन तिनं पनीर आणि चक्का करायचा गट काढला. त्यात बुद्धविहाराजवळच्या वस्तीतल्या आहेत, तशा वरच्या आळीतल्याही आहेत. संस्थेची रस्त्यालगतची जुनी इमारत रिकामी पडली होती. तिथं मोठ्या यंत्राला लागणारी वीज होती, पाण्याचा निचरा होता. ती त्यांना वापरायला मिळाली. माल शहरातल्या खाणावळींना आणि शिरोलीच्या कारखान्यांतल्या कँटीनना जाऊ लागला. मिलिंदरावांच्या फाउंड्रीत मधल्या काळात एक पाळी बंद झाली, पगार रोडावला, आणि तेव्हापासून घर या पनीरवर चाललंय.

आता संस्थेच्या संचालकांना ती इमारत पाडून दुकानांचे गाळे काढायचे होते. विषय वार्षिक सभेपुढे सातव्या क्रमांकावर येणार होता. इमारत गेली तर गट बंद, कारण गावात दुसरी तशी जागा नाही आणि शहरातलं भाडं झेपणार नाही. काही बायकांनी आपापली पातेली आधीच घरी नेऊन ठेवली होती.

जेवायला तांबडा-पांढरा होता. पांढऱ्या रश्श्याची मी तिसरी वाटी मागितली आणि तेवढ्यात माझ्यातला प्राध्यापक जागा झाला. “तुझं दुःख मला समजतं,” मी म्हणालो, “पण रस्ता आता वर्दळीचा झालाय. गाळे झाले तर संस्थेचं उत्पन्न वाढेल. तुमच्या चेअरमनचं गणित अगदीच चूक नाही.”

शीलानं पळी खाली ठेवली. “मग चेअरमनच्याच घरला जेवायला जायाचं व्हतं.”

“तसं नाही गं...”

“त्येंचं गणित चूक हाय असं मी कुटं म्हणतो? माझंबी ऐका म्हणतो. ऐकून घेऊन न्हाय म्हटलं तर मी गप बसतो. हितं सात नंबरचा विषय वाचून व्हायच्या आदी ‘मंजूर’ हुतोय!”

मिलिंदराव इतका वेळ खाली मान घालून जेवत होते. ते म्हणाले, “आमच्या कारखान्यात तर त्येबी न्हाय, दादा. वरनं एक फोन आला, पाळी बंद. कुणी ‘मंजूर’ म्हणाय बी नव्हतं, ‘नामंजूर’ म्हणाय बी नव्हतं. आमी गेटावर कागद वाचला.”

मी वाटीतला रस्सा संपवला. शीला रुसली होती, तरी तिनं न मागता चौथी वाटी वाढली.

सभा

दुसऱ्या दिवशी सभा शाळेच्या पटांगणात होती. मांडवामागे जिलेबीचं तेल तापत होतं. आमच्याकडेही सहकारी संस्थांच्या सभा होतात, पण तिथं कोरम भरता भरता संध्याकाळ होते. इथं गाव लोटलं होतं. मी सभासद नसल्यामुळे मिलिंदरावांबरोबर मांडवाच्या कडेला बसलो. ते माझ्या कानात सगळं समजावून देत होते.

पहिल्या रांगेत चेअरमनचे लोक. टोप्या, फेटे, धुवट पांढरे सदरे. सेक्रेटरींनी विषय वाचला की ‘मंजूर’ म्हणायचं हे त्यांचं काम, आणि ते वर्षानुवर्षं चोख करत आलेले. त्यांचे म्होरके बापू. जनावरांच्या बाजारात आयुष्य घालवलेल्या या म्हाताऱ्याचा आवाज असा की त्याला माइक दिला तर माइकच बिघडावा. मागं डाव्या बाजूला विरोधी गट. त्यांचं काम ‘नामंजूर’ म्हणायचं, आणि मग रागानं उठून बाहेर जाऊन स्वतःची समांतर सभा घ्यायची. फाटकाबाहेर चिंचेखाली एक रिक्षा कर्णे लावून उभी होती. ती त्या समांतर सभेची.

“म्हणजे सभात्याग आधीच ठरलाय?” मी विचारलं.

“ठरल्याला हाय की. रिक्षाचं भाडं दिल्यालं हाय न्हवं.”

बायका सगळ्यात मागं. त्यांच्यात शीला, ताठ बसलेली. दोन्ही गट तिचे नव्हते. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी विहारात बसून एक उपसूचना लिहिली होती आणि रीतसर मुदतीत सेक्रेटरींना दिली होती. नियमाप्रमाणे मूळ विषयाच्या आधी उपसूचना वाचावी लागते. तेवढं तरी सगळ्यांच्या कानावर पडेल, मग बोलायला उठायचं, एवढाच तिचा बेत होता. हातातल्या रुमालाचा तिनं पार बोळा केला होता. 

चेअरमन, ज्यांना गाव आबा म्हणतं, हसतमुख आणि धूर्त गृहस्थ. त्यांनी नमस्कार केला, सेक्रेटरींना खूण केली, आणि सभा सुरू झाली. सेक्रेटरी पाढे म्हटल्यासारखे वाचत. अहवाल वाचण्याचा विषय, “मंजूर!” ताळेबंद, “मंजूर!” डाव्या बाजूनं “नामंजूर!” पुन्हा पहिल्या रांगेतून “मंजूर, मंजूर!” कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. माझ्या निबंधातल्या ‘रेंगाळणाऱ्या निर्णयां’ची मला आठवण झाली. इथं निर्णय नुसते पळत होते.

ठरल्याप्रमाणे मध्येच विरोधी गट उठला. “मनमानी चालणार न्हाय!” म्हणत सगळे फाटकाबाहेर गेले, आणि चिंचेखालचे कर्णे खरखरू लागले. आता पटांगणात ‘नामंजूर’ म्हणणारंही कोणी उरलं नाही. आबा निर्धास्त झाले. त्यांनी चहाचा कप उचलला आणि शेजारच्या संचालकाशी बोलू लागले.

सेक्रेटरींनी सातवा विषय काढला. आवाज तोच, चाल तीच. “विषय क्रमांक सात, जुनी इमारत पाडून गाळे बांधणे, याबाबत महिला सभासदांकडून आलेली उपसूचना अशी की, सदर इमारत न पाडता महिला गटास पाच वर्षांच्या कराराने भाड्याने देण्यात यावी.”

“मंजूर!” बापूंनी आरोळी दिली.

“मंजूर! मंजूर!” सगळी पहिली रांग.

मला क्षणभर काही कळलंच नाही. सेक्रेटरींनाही कळलं नसावं. ते सवयीनं पुढचा कागद उलटायला लागले. आधी कळलं ते मागच्या बायकांना. एकीनं टाळी वाजवली, मग दुसरीनं, आणि बघता बघता मागचा सगळा मांडव टाळ्यांनी भरला.

आबांनी कप खाली ठेवला. “काय झालं? काय मंजूर?”

“उपसूचना, आबा,” सेक्रेटरी हळूच म्हणाले.

“आरं बापू, काय केलंस ह्ये?”

“काय केलं? मंजूर केलं की!” बापू म्हणाले. त्यांना वाटलं आबा खूश झालेत.

आबांनी माइक ओढला. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज गोडच ठेवला. “मंडळी, जरा गोंधळ झाला. असं हुतंय. ज्यांच्याकडनं चूक झाली, ज्यांनी न ऐकता मंजूर म्हटलं, त्यांनी फकस्त हात वर करा. मग आपून परत मतं घेऊया.”

शीलाकडे बघायचं मला धाडस होईना. हात वर आले की संपलंच होतं. पहिल्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. एकाचा हात खांद्यापर्यंत गेला, तेवढ्यात मागनं खणखणीत आवाज आला, “हात वर करा की! कोण कोण न ऐकता बोलतंय त्ये समद्या गावाला कळू दे!” ती त्याची बायको होती, शीलाच्या गटातली. त्या हातानं जाता जाता कान खाजवला आणि तो खाली आला.

मग बापू उठले. सावकाश वळून त्यांनी सगळ्या मांडवाकडे बघितलं.

“चूक?” ते म्हणाले. “कुणाची चूक? माझी? आबा, तुमचा बा चेअरमन व्हता तवाधरनं मी हितं बसून मंजूर म्हणतोय. कवा शबुद माघारी घेतलाय? आँ? मी ऐकून म्हटलंय. मंजूर म्हंजे मंजूर!”

त्यांनी ऐकलं नव्हतं, हे पटांगणातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण ‘मी ऐकलं नाही’ असं चारचौघांत म्हणणारा माणूस त्या रांगेत एकही निघाला नाही. सगळे बापूंच्या मागं माना डोलवू लागले. व्हय, व्हय, आमीबी ऐकलं. आबांनी फार हुशारीनं विचारलं होतं, पण कोल्हापूरच्या माणसाला हात वर करून चूक कबूल करायला सांगितलं, तिथंच ते फसले.

त्याच वेळी चिंचेखालचा कर्णा गरजला, “चेअरमनच्या गाळ्याच्या डावाविरुद्ध, महिलांची इमारत महिलांनाच देण्याचा ठराव ही सभा एकमतानं मंजूर करत आहे!” आत काय झालंय याची त्यांना कल्पनाच नव्हती. चेअरमनच्या विरुद्ध म्हणून त्यांनी आपला तोच ठराव केला होता.

आबा ऐकत राहिले. मग खदखदून हसले. त्यांचं हसणं खरं होतं, एवढं मी त्यांच्या बाजूनं लिहीन. “हितं मंजूर, तितंबी मंजूर,” ते म्हणाले. “आता मी एकटा काय करू? लिवा, सेक्रेटरी. एकमतानं.”

मला फार हायसं वाटलं. मिलिंदराव माझा हात दाबत होते, त्यांच्या तळव्यावरचे घट्टे मला टोचत होते, आणि मला तेही बरं वाटत होतं. बायकांनी शीलाला घेरलं होतं. वाट काढत मी तिच्याजवळ पोचलो तेव्हा तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. लग्नाच्या दिवशी टेकलं होतं, त्यानंतर आत्ताच. मी डोळे पुसले आणि जिलेबीच्या धुराला दोष दिला.

जिलेबी वाटताना आबांचं छोटं भाषण झालं. संचालक मंडळ पहिल्यापासून महिलांच्या पाठीशी होतं, असं त्यांनी सांगितलं. बापूंनी सर्वांत आधी टाळी वाजवली.

निघण्याचा दिवस

सकाळी बायका आपापली पातेली डोक्यावर घेऊन इमारतीत परत आल्या. इमारत म्हणजे पत्र्याची लांबट खोली, भिंतीचा चुना पोपडे धरलेला, पण आत लखलखीत स्वच्छ. दूध तापायला लागलं तसा सगळा वास बदलला. मी एका कोपऱ्यात स्टुलावर बसलो. रात्रभर एक गोष्ट मला टोचत होती, ती मी शीलाला बोलून दाखवली. “हे चुकून झालं, शीले. उद्या बापू कान देऊन ऐकायला लागले तर?”

“लागू देत की,” ती म्हणाली. “ऐकाय लागल्यावर माझं सोपंच हाय. आनि पाच वर्सं मिळाली, दादा. पाच वर्सांत बघ तू.” मग दूध ढवळत म्हणाली, “चुकून झालं म्हणतोस, पन आमी लिवून दिलंच नसतं, तर चुकून तरी काय मंजूर झालं असतं?”

 आबांचं गाळ्यांचं गणित मला अजूनही अगदी चूक वाटत नाही. कधीतरी गाळे होतीलही, आणि व्हावेतही. पण ते होताना या बायका मांडवात असतील आणि त्यांना विचारावं लागेल, या विचारानं मला फार बरं वाटतं. याला अर्थशास्त्रात काय म्हणायचं ते नागपूरला येऊन अजून मला ठरवता आलेलं नाही.

पनीर दाबायला ठेवल्यावर गटाची सभा भरली. अध्यक्ष नाही, माइक नाही, सगळ्या पाटांवर गोल बसलेल्या. हात ओलेच. विषय होता, दुसरं शीतकपाट घ्यायचं की आधी छप्पर दुरुस्त करायचं. मी घसा खाकरून म्हणालो, “माझ्या मते छप्पर...”

“दादा, तू सभासद न्हाईस. चा पी,” शीला म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या. मी चहा प्यायलो.

मग शीला उभी राहिली आणि तिनं प्रस्ताव सांगायला सुरुवात केली. यंदा छप्पर, पुढच्या वर्षी कपाट, आणि तोवर उन्हाळ्यात जादा माल कुठं ठेवायचा, असं बरंच ती सांगत होती. ती मध्ये श्वास घ्यायला थांबली, तेवढ्यात कोपऱ्यातली एक म्हातारी उत्साहानं ओरडली, “मंजूर!”

ती बापूंची बायको होती.

शीलानं कमरेवर हात ठेवले. “मावशी, मंजूर ऱ्हाऊ दे. मी काय म्हटलं त्ये आदी सांग बघू.”

म्हातारीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग सगळ्यांदेखत तिनं सरळ हात वर केला.

“ऐकलं न्हाय गं बाई,” ती म्हणाली. “परत सांग.”

आणि शीलानं पहिल्यापासून परत सांगायला सुरुवात केली.